कालचा विरोधक, आजचा मानकरी

वाचकहो, गावच्या सोसायटीची निवडणूक तुम्ही पाहिलीच आहे. दोन पॅनेल उभी राहतात. पंधरा दिवस एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालतो. निकाल लागतो, गुलाल उधळला जातो, आणि महिना-दोन महिन्यांनी कानावर येते की पडलेल्या पॅनेलचा म्होरक्या निवडून आलेल्यांच्याच मर्जीने खरेदी-विक्री संघावर जाऊन बसला. मग पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, “विकला गेला.” दुसरा म्हणतो, “अरे, चार कामं होतील गावाची, गेला तर गेला.” आणि सर्वांत मोठा आवाज कोणाचा असतो? कालपर्यंत त्याच्या खांद्याला खांदा लावून फिरलेल्या सोबत्याचा.

दिल्ली-मुंबईचे राजकारण याहून काही निराळे नाही. सरकारने जुन्या विरोधकाला पद दिले की जुने पुढारी टीका करतात. त्यातली काही टीका मत्सरातून येते, काही खऱ्या तत्त्वातून येते, आणि बरीचशी दोन्हींची भेसळ असते. डाळ-तांदूळ पाखडायला आपल्या घरी सूप असते. ही टीका पाखडायची तर एखादे जुने, पुरते घडून गेलेले प्रकरण हाती घ्यावे. तसे एक प्रकरण आपल्या भंडारा जिल्ह्यातूनच गेलेले आहे, तेही दोनदा. त्यातली माणसे आता हयात नाहीत, तेव्हा कोणाला खूश करायचे नाही की दुखवायचे नाही.

विडीचे कंत्राट आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

१९५४ साल. तेव्हा भंडारा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर ही मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती आणि आपला जिल्हा त्या राज्यात होता. गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले १ मे १९९९ रोजी. लोकसभेचा भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. आजच्या तरुण वाचकाला याचे नवल वाटेल. ही दोन जागांची पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी निवडून आले. पण निकालाला आव्हान मिळाले आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचले. भांडणाचा एक धागा विडीचा होता. जसानी ज्या विडीच्या पेढीचे भागीदार होते, तिचे सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवण्याचे करार होते. ज्याचे सरकारशी कंत्राट आहे त्याला उमेदवार होता येत नाही, असा कायदा होता. दुसरा धागा महानुभाव पंथाचा. राखीव जागेसाठी अर्ज भरलेल्या एका उमेदवाराचा अर्ज, तो महानुभाव झाला म्हणजे महार राहिला नाही, असे म्हणून फेटाळण्यात आला होता. पंथाची दीक्षा घेतल्याने जात सुटत नाही, असे न्यायालयाने ठरवले. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला आणि सारी निवडणूक रद्द झाली.

विडीच्या कंत्राटाची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. तेंदूपत्ता आणि विडी हा आपल्या भागातील हजारो घरांचा पोटापाण्याचा धंदा. त्याच धंद्यातून देशाच्या न्यायालयापुढे प्रश्न गेला तो असा : ज्याचा हात सरकारच्या व्यवहारात गुंतला आहे, तो सरकारला मोकळेपणी जाब कसा विचारणार? कंत्राटाला जो नियम कायद्याने लावला, तो मोठ्या पदाला लावावा की नाही, हा आपल्या पुढच्या कथेचा गाभा आहे.

मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५२ साली मुंबईत त्यांचा पराभव झालेला होता, प्रकृती खालावली होती, तरी ते भंडाऱ्यात आले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि प्रजा समाजवादी यांची युती होती. आपल्या अनुयायांनी दुसरे मत वाया घालवू नये, ते मेहतांना द्यावे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले होते. एकाच पेटीच्या निवडणुकीत एकाला दोन्हीकडची मते मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाहीत. त्याचे कारण झाडीपट्टीतल्या जाणत्यांना सांगावे लागत नाही. असो.

बैतूलचे भाषण आणि दिल्लीची खुर्ची

अशोक मेहता हे गुजराती. जन्म १९११ साली भावनगरचा, पण राजकारण मुंबईतले. १९३४ साली काँग्रेसमध्येच काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, त्याच्या संस्थापक मंडळींतले ते एक. स्वातंत्र्यानंतर समाजवादी काँग्रेसबाहेर पडले, त्यांत जयप्रकाश नारायण, राममनोहर लोहिया, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या जोडीला मेहताही होते. सरकारच्या विरोधात उभे राहायचे, हे त्यांचे सर्वांचे ठरलेले होते.

मात्र विरोध करायचा कसा, यावर पक्षात सुरुवातीपासून दोन मते होती. जून १९५३ मध्ये बैतूलला पक्षाचे खास अधिवेशन भरले. तिथे मेहतांनी मांडले की मागासलेल्या, गरीब देशात विरोधी पक्षाने प्रत्येक गोष्टीत सरकारच्या आडवे जाणे परवडणारे नाही. अन्न, पाटबंधारे, कारखाने या बाबतीत जिथे मते जुळतील तिथे हातभार लावावा. लोहियांना हे अजिबात पटले नाही. काँग्रेसपासून जितके दूर तितकेच कम्युनिस्टांपासून दूर राहून आपली ताकद उभी करावी, हे त्यांचे म्हणणे. १९५५ साली लोहिया पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. म्हणजे खुर्चीचा प्रश्न उभा राहण्याच्या दहा वर्षे आधी बांधावरून वाद झालेला होता. मेहतांच्या टीकाकारांनी आणि पाठीराख्यांनीही हे पुढे फारसे लक्षात घेतले नाही.

१९६२ ला मेहता लोकसभेत नव्हते. त्याच वर्षी चीनकडून पराभव झाला. तिसऱ्या योजनेचा गाडा चिखलात रुतला होता. डिसेंबर १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी अशोक मेहतांना योजना आयोगाचे उपाध्यक्ष नेमले. अध्यक्ष स्वतः पंतप्रधान असत, म्हणजे रोजच्या कारभारात उपाध्यक्ष हाच मुख्य. देशात धरण कुठे, खतकारखाना कुठे, शेतीला किती नि उद्योगाला किती, याचा हिशेब या आयोगात होत असे. (हा आयोग आता नाही. १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी नीती आयोग आला.)

प्रजा समाजवादी पक्षात वादळ उठले. पक्षाचे अध्यक्षपद त्या सुमारास एस. एम. जोशींकडे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा झालेला. सोबत्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : सरकारची योजना ज्याने आखली, तो उद्या लोकांसमोर उभा राहून ती योजना फसली असे सांगू शकेल काय? आणि त्याचा पक्ष तरी सांगू शकेल काय? मेहतांचे उत्तर बैतूललाच दिलेले होते. योजना एका पक्षाची नसते, देशाची असते. पक्षाने ते ऐकले नाही, त्यांना काढून टाकले. १९६४ साली मेहता आपल्या अनुयायांसह काँग्रेसमध्ये गेले. मागे उरलेल्या प्रजा समाजवाद्यांचे आणि लोहियांचे त्याच वर्षी काही काळ मनोमीलन होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला. त्यातूनही थोड्याच दिवसांत काही मंडळी परत फिरली. एका माणसाला एक पद मिळाले आणि पक्षाच्या घराच्या तीन खोल्या झाल्या.

इथे माझे मत सांगतो. एस. एम. जोशींसारख्यांची टीका मत्सराची नव्हती. स्वतःसाठी काही मागितल्याचा डाग त्यांच्यावर नाही. पण त्या टीकेत एक धास्ती होती, आणि ती रास्त होती. वर्षभर आधी, १९६२ साली केरळात काय झाले ते त्यांनी पाहिले होते. तिथे प्रजा समाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिल्लै हे काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री होते. केंद्राने त्यांना पंजाबचे राज्यपाल नेमले. ते गेले आणि मुख्यमंत्रिपदी काँग्रेसचे आर. शंकर बसले. पंजाबला राज्यपाल मिळाला, केरळात काँग्रेसला खुर्ची मिळाली, आणि पिल्लैंच्या पक्षाच्या वाट्याला काय आले ते तुम्हीच ओळखा. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारच ना माणूस!

धानाच्या बांधीत काय उतरले

आता तुम्ही विचाराल, या दिल्लीच्या उखाळ्यापाखाळ्यांशी आमच्या बांधीचा काय संबंध? संबंध असा.

१९६४-६५ ला देशात सुमारे ८९० लाख टन धान्य पिकले. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला आणि उत्पादन ७२० लाख टनांच्या आसपास खाली आले. त्याच्या पुढल्या वर्षीही पाऊस रुसला. अमेरिकेच्या गव्हाची जहाजे किती आली, यावर शहरांतल्या रेशनच्या रांगा ठरत. या काळात योजना आयोगाच्या उपाध्यक्षपदी आपले माजी खासदार होते, आणि १९६६ च्या जानेवारीपासून ते योजनामंत्रीही झाले. १९६६ च्या वसंतात ते वॉशिंग्टनला जाऊन जागतिक बँकेशी बोलून आले, आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते साडेसात रुपये पडू लागले.

टीकाकारांना आयतेच हत्यार मिळाले. समाजवादाचे धडे दिलेल्या माणसाने परदेशी सावकाराच्या सांगण्यावरून रुपया खाली आणला, असे जुने सोबती म्हणू लागले. काँग्रेसचे अध्यक्ष कामराजही अवमूल्यनावर नाराज होते. चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली आणि १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे एकेक वर्षाच्या योजनांवर ढकलावी लागली. हे अपयश मेहतांच्या खात्यावर मांडावे लागेलच. दुष्काळ आणि १९६५ चे पाकिस्तानशी झालेले युद्ध यांचा वाटा त्यातून वजा करून मांडावे, इतकेच.

पण वहीचे दुसरे पानही उलटून पाहावे. संकरित व बुटक्या वाणांचे बियाणे, रासायनिक खत आणि पाण्याची हमी या तिन्हींवर भर देणारे शेतीचे नवे धोरण त्याच वर्षांत उभे राहिले. ते मुख्यतः अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांचे काम, पण योजना आयोगाने पैसा आणि परकीय चलन दिल्याखेरीज ते कागदावरच राहिले असते. मार्च १९६७ नंतर तर पेट्रोलियम व रसायने हे खातेही मेहतांकडे आले. खत त्यातच येत असे. विरोधी बाकावर बसून हे त्यांना करता आले असते काय? नाही. आणि योजना फसल्याचा जाब सरकारला विचारायला त्यांच्या तोडीचा अर्थशास्त्र जाणणारा माणूस विरोधी बाकावर उरला होता काय? थोडे होते, पण मेहता तिथे नव्हते. लाभ आणि तोटा असे दोन्ही एकाच नांगराच्या तासात पडले.

तीच व्यक्ती, बैलजोडी दुसऱ्या बाजूला

१९६७ ची सार्वत्रिक निवडणूक आली. अशोक मेहता पुन्हा भंडाऱ्यात आले. तेरा वर्षांपूर्वी ज्या बैलजोडीविरुद्ध त्यांनी इथे मते मागितली होती, त्याच बैलजोडीच्या चिन्हावर या खेपेला मागितली, आणि ते निवडून आले. तेव्हाच्या मतदाराला काय वाटले असेल? मंडईच्या नाटकात पहिल्या अंकातला फिर्यादी तिसऱ्या अंकात न्यायाधीश होऊन यावा, तसे वाटले असेल कदाचित. तरी मते दिली, हे खरे. मधल्या काळात जिल्हाही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलेला होता. सगळेच बदलले होते, मग एकट्या खासदाराला काय बोल लावायचा?

पण ज्यांनी त्यांना १९६३ साली ‘खुर्चीला भुलला’ म्हटले, त्यांना पुढची गोष्ट अडचणीची आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. संयुक्त राष्ट्रांत निषेधाच्या ठरावावर भारताने तटस्थ राहणे पसंत केले. मेहतांना ते पटले नाही. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. भंडाऱ्याचा खासदार दूरच्या एका देशासाठी केंद्रातले मंत्रिपद सोडून आला. आपल्याकडे याची चर्चा व्हायला हवी होती, त्या मानाने फार थोडी झाली.

१९६९ ला काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिरा गांधींच्या विरोधातील संघटना काँग्रेसमध्ये राहिले, पुढे तिचे अध्यक्ष झाले, आणि १९७५ च्या आणीबाणीत तुरुंगात गेले. तिथे तुरुंगात कोण होते? एकेकाळी त्यांना पक्षातून काढणारे जुने समाजवादीही गजाआडच होते.

डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारने पंचायत राज्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद अशोक मेहतांना दिले. समितीत कम्युनिस्ट नेते ई. एम. एस. नंबुद्रिपाद हेही सदस्य होते. केरळात एकेकाळी समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांच्या नरड्याला लागलेले होते, हे आठवा. नंबुद्रिपादांनी आपले वेगळे मत अहवालाला जोडले, पण काम केले. ऑगस्ट १९७८ मध्ये १३२ शिफारशींचा अहवाल आला. जिल्हा परिषदेला खरी सत्ता द्यावी, तिच्या खाली पंधरा-वीस हजार वस्तीची मंडल पंचायत असावी, पंचायतीच्या निवडणुका पक्षांनी उघडपणे पक्षाच्या नावावर लढवाव्यात, अशा त्या शिफारशी. जनता सरकार लवकरच कोसळले, अहवाल बराचसा बासनात राहिला. कर्नाटकाने मंडल पंचायती करून पाहिल्या. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनेत जागा मिळाली, त्यामागच्या विचारांत या अहवालाचा धागा आहे. तुमच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत ज्यांचे छायाचित्र सहसा दिसत नाही, त्यांपैकी हा एक माणूस. १९८४ च्या डिसेंबरात ते वारले.

इतर घरची चूल

मेहता एकटे नव्हेत. १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात नेहरूंनी काँग्रेसचे कडवे टीकाकार घेतले : डॉ. आंबेडकर, हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी, जस्टिस पक्षातून आलेले षण्मुखम चेट्टी. तेव्हा दोन्ही बाजूंच्या कित्येकांनी नाके मुरडली. बाबासाहेबांनी अवघ्या दोनच वर्षांपूर्वी काँग्रेस आणि गांधी यांच्यावर घणाघाती पुस्तक लिहिले होते. पण त्यांच्या नेमणुकीतून राज्यघटना मिळाली. आणि तत्त्वाचा प्रश्न आला तेव्हा मुखर्जींनी १९५० मध्ये, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले.

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांनी शेतकरी कामगार पक्षातली माणसे काँग्रेसमध्ये घेतली. शंकरराव मोरे, यशवंतराव मोहिते यांच्यासारखी वजनदार माणसे आली. लोकांनी त्याला बेरजेचे राजकारण असे नाव ठेवले. बेरीज काँग्रेसची झाली खरी, पण वजाबाकी कुठे झाली ते बहुजन शेतकऱ्याच्या एकुलत्या एका विरोधी पक्षाला विचारा. पुढे खुद्द यशवंतराव इंदिरा गांधींच्या विरोधात गेले, १९८१ ला परत आले, आणि १९८२ साली आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष नेमले गेले. जुन्या निष्ठावंतांच्या पोटात कळ उठल्याशिवाय असे होत नाही. १९८५ मध्ये तर मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी, आपल्याशी न पटणाऱ्या वर्ध्याच्या प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमले म्हणून, राजीनामाच दिला.

विलायतेतही तेच. १९३१ साली मजूर पक्षाचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड जुन्या विरोधकांना घेऊन राष्ट्रीय सरकार करून बसले, तर त्यांच्याच पक्षाने त्यांना हाकलून दिले.

गोसीखुर्दचे पाणी

आता आजच्या काळाकडे वळू, आणि जरा जपून वळू.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली. पहिला खर्च धरला होता ३७२ कोटी रुपये. तो वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे स्वप्न होते. गावे बुडाली, माणसे उठली, धरणात पाणी आले, पण कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला. कंत्राटांवरून आरोप झाले, चौकशा लागल्या, लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने गुन्हे नोंदवले. अनेक वर्षे जलसंपदा मंत्री राहिलेले अजित पवार हे या सिंचन प्रकरणात भारतीय जनता पक्षाच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होते. आरोप त्यांनी नाकारले होते, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या खात्याने नागपूर खंडपीठापुढे त्यांचा दोष आढळत नसल्याचे सांगितले होते.

जून २०२३ च्या अखेरीस पंतप्रधानांनी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादी काँग्रेसच्या घोटाळ्यांचा उल्लेख केला. त्याला आठवडाही झाला नव्हता तोच, २ जुलैला अजित पवार भाजपच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले, सोबत आणखी आठ जण मंत्री झाले. काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी टीकेची झोड उठवली. पटोले साकोलीचे, तेव्हा हा आवाज आपल्याच जिल्ह्यातून उठला. शिवाय सरकारच्या आतूनही सूर निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूर अधिवेशनात नवाब मलिक सत्ताधारी बाकांवर बसले, तेव्हा एका उपमुख्यमंत्र्याने दुसऱ्या उपमुख्यमंत्र्याला पत्र लिहून ते चालणार नाही असे कळवले, आणि ते पत्र जगजाहीर केले. लिहिणारे देवेंद्र फडणवीस होते.

टीका करणाऱ्याचाही सातबारा पाहावा, असे आपले जुने लोक सांगत. पटोले एकेकाळी काँग्रेसचे आमदार, २००९ ला लोकसभेला अपक्ष, २०१४ ला भाजपच्या तिकिटावर प्रफुल्ल पटेलांना सुमारे दीड लाख मतांनी हरवून खासदार, डिसेंबर २०१७ ला शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून राजीनामा, मग पुन्हा काँग्रेस, आणि २०१९ ला विधानसभेचे अध्यक्ष. तेही कालपर्यंत ज्यांच्याशी भांडत होतो त्या शिवसेनेसोबतच्या सरकारात. म्हणून त्यांची टीका खोटी ठरत नाही. मेहतांचा न्याय इथेही लावावा. माणूस कुठून आला एवढेच पाहू नका. ज्या कागदावरून भांडण होते तो कागद पुढे सरकला की कपाटात गेला, ते विचारा.

मेहतांवरचा आक्षेप धोरणाचा होता. तो उघड्यावर होता, संसदेत मांडता येत होता, मतपेटीत मोजता येत होता. पण जिथे आक्षेप पैशाचा आहे आणि चौकशी चालू आहे, तिथे आरोप करणारा आणि आरोप झालेला एकाच बाकावर बसले की, आरोप खरा होता की खोटा, हे दोन्ही कळायचे बंद होते. खोटा असेल तर निर्दोष माणसावरचा डाग धुतला जात नाही, खरा असेल तर धरणाचा पैसा परत येत नाही. शेतकऱ्याचे नुकसान दोन्हीकडून.

तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला एक काम सांगा. निवडणुकीआधीची भाषणे छापून आलेली कात्रणे एका वहीत चिकटवून ठेवायची. आपल्या वितरिकेचे काम कुठवर आले, पुनर्वसनाच्या गावठाणात कोणत्या सोयी दिल्या, चौकशीचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे. कायदा २००५ चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर साधारण तीस दिवसांत द्यावे लागते. उत्तर आले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पहिल्या पानावर पाटबंधारे खात्याचे उत्तर आणि समोरच्या पानावर पुढाऱ्याचे भाषण, असे चिकटवले की वाचायला मजा येते.

दरम्यान मतदारांनी आपले काम केलेले आहे. २०२४ च्या लोकसभेला भंडारा-गोंदियात भाजपचे उमेदवार सुनील मेंढे यांच्या पाठीशी या खेपेला प्रफुल्ल पटेलही उभे होते. दोन जुन्या वैऱ्यांची बेरीज झाली, तरी काँग्रेसचे प्रशांत पडोळे सुमारे सदतीस हजार मतांनी निवडून आले. आणि सहाच महिन्यांनी साकोलीत टीकाकार पटोल्यांना त्याच मतदारांनी विधानसभेत पाठवले ते अवघ्या २०८ मतांनी.